अकरा आवाज

दुपारी दीडला भोंगा व्हायचा
आणि तुर्भ्याच्या खाणीखालची आमची अख्खी वस्ती
पत्र्यावरची वाळवणं उचलायची.
शेळ्या आत. पोरं आत. म्हातारी दुर्गव्वा खाटेखाली,
तपकिरीची डबी मुठीत धरून.
कड्यावर लाल फडकं हलायचं
आणि आम्ही मोजायला लागायचो.

मोजायला मी शाळेत शिकले नाही.
अप्पा सकाळीच सांगून जायचा,
"आज नऊ." "आज चौदा."
दुसऱ्यांचे बाप सांगतात ना, यायला उशीर होईल, तसं.
तेवढे आवाज पुरे झाले
की आई भातावरचं झाकण काढायची.

सुरुंगाचं लायसन मुकादमाच्या मेव्हण्याच्या नावावर.
तो कोपरखैरण्याला राहायचा,
दिवाळीत सुतळी बॉम्ब लावायलाही दुसऱ्याला सांगायचा.
भोकं भरायचा तिम्मण्णा, म्हणजे माझा अप्पा.
लाकडी दांड्यानं कांडी आत सरकवायची,
लोखंड जवळ आणायचं नाही,
वर माती, आणि वात
आधी कपाळाला, मग काडीला.

त्याचा शर्ट आई वेगळ्या दोरीवर वाळत घालायची.
त्याला गोडसर, कडवट वास यायचा.
तो बदामाचा वास, हे मला कितीतरी वर्षांनी
एका मैत्रिणीच्या घरी खीर खाताना कळलं,
आणि मी वाटी खाली ठेवली.
त्या शर्टाला बिलगून झोपलं
की पहाटे माझंही कपाळ ठणकायचं.
कांडीचं तेल कातडीतून आत जातं.
आठवडाभरात अंगाला सवय होते,
रविवारी मोडते,
सोमवारी डोकं दोन हातांत धरून बसावं लागतं.
म्हणून सुट्टीच्या दिवशी अप्पा
कांडीवरच्या कागदाचा तुकडा टोपीच्या घडीत ठेवायचा.
"सोमवार सोपा जातो," म्हणायचा.
सुट्टीसुद्धा त्यानं कधी पुरती घेतली नाही.

त्या दिवशी बारा होती.
अकरा झाले.
आईनं माझ्याकडे बघितलं, मी दुर्गव्वाकडे,
दुर्गव्वानं खाटेखालूनच बोटं दाखवली: अकरा.

मुकादम म्हणाला, दोन एकदम आले असतील.
अप्पा म्हणाला, एकदम आले तर पायाला कळतं.
मुकादम म्हणाला, क्रशर रिकामा फिरतोय.
अप्पा वाटेत आडवा बसला,
विडीही न पेटवता.
डंपरवाल्यांनी हॉर्न वाजवले. तो बसून.
कुणी आईवरून शिवी दिली. तो बसून.

पण खाणीला दोन वाटा होत्या.
दुसरीनं त्यांनी साबण्णाला पाठवलं,
इंडीकडचा, येऊन वीस दिवस झालेला पोर,
खांद्यावर ड्रिल, पायात उसन्या चपला.
त्याला कुणी आकडा सांगितला नव्हता.

बारावा आवाज चारला दहा कमी असताना आला.
हिशेब पुरा झाला.
आईनं झाकण काढलं नाही.

कागदावर लिहिलं, पाय घसरून.
एक चप्पल पारिजातकाच्या झाडात सापडली.
जिची होती त्या भागव्वानं ती धुतली
आणि पुढं घातलीही, कारण दुसरी नव्हती.

आता खाण बंद आहे, तिच्यात हिरवं पाणी साचलंय.
तिथला डोंगर वाशीत, नेरुळात,
वीस-वीस मजले उभा आहे.
मी सानपाड्याला सातव्यावर राहते.
परवा पडदे लावायला माणूस आला ड्रिल घेऊन.
अप्पाला आता ऐकू येत नाही.
त्यानं हातानंच विचारलं, किती?
मी चार बोटं दाखवली.
तो उठला, तळहात भिंतीवर टेकून उभा राहिला.

चार झाली.
माणूस पैसे घेऊन गेला, मी फरशीवरचा भुगा झाडला,
पडदे चढवले.
अप्पाचा हात अजून भिंतीवर.